आठवं पोर

शाळेला कुलूप होतं.

लोर्नानं कडी दोनदा हलवून पाहिली, मग इमारतीला वळसा घालून मागचं दार पाहिलं. तेही बंद. ऐन मे महिन्यातला, इकडे शाळा चालू असतानाचा शुक्रवार, उन्हं चांगली वर आलेली, आणि शाळेत चिटपाखरू नाही. धोबीखान्यातून एका दिवसाची रजा काढताना तिला मुकादमणीची किती बोलणी खावी लागली होती, ते तिचं तिला ठाऊक.

"एवढ्या लांब येऊन कुलूपच बघायचं होतं, तर आपल्या घराचं बघितलं असतं!" ती पिकअपकडे तोंड करून ओरडली.

गाडीत तिचा नवरा वेड प्रूइट उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता. मागच्या सीटवर जुनी, त्यांची नऊ वर्षांची एकुलती एक पोर, काचेला नाक लावून झोपाळ्यांकडे बघत होती.

लोर्नानं दोन्ही हातांची ओंजळ करून खिडकीच्या काचेला डोळे लावले. आत एकच मोठी खोली. लहान खुर्च्या, मोठ्या खुर्च्या, खिडकीत टोमॅटोची रोपं लावलेले डबे. फळा स्वच्छ होता, काचाही पुसलेल्या होत्या. एवढं तिनं मनात धरलं. पण काचेतून बाई दिसत नाही, आणि शाळा म्हणजे शेवटी बाईच की! बाकी काय, भिंती तुरुंगालाही असतात.

आता हे शाळा बघायचं खूळ तिच्या डोक्यात का शिरलं, ते सांगायला हवं. जुनीला वाचता येत नव्हतं. तिसरी संपत आली, तरी अक्षरं तिच्यासमोर उभीच राहत नव्हती. कत्तलखान्याच्या गावात ती शिकत होती, तिथं तीन वर्षांत तीन बाई झाल्या आणि तिघींनीही लोर्नाला एकच सांगितलं, "येईल हो! गोड पोर आहे. काळजी करू नका." आणि पोरीला वरच्या वर्गात ढकललं. गोड हा शब्द आता कानावर पडला की लोर्नाला पुढचं ऐकवत नसे. म्हणून तिनं ठरवलं होतं. नवीन ठिकाणी शाळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरातली एक बशीसुद्धा खोक्यात भरायची नाही.

वेडची गोष्ट वेगळी. आठ वर्षं कत्तलखान्यात सुरी चालवून त्याचा खांदा गेला होता. व्होद्राक नावाच्या एकाच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या माळावर, काम मिळण्यासारखं होतं, राहायला घर होतं, मोकळी हवा होती. म्हाताऱ्या व्होद्राकनं फोनवर सांगितलं होतं, "बायकामुलं असलेलाच माणूस हवा. शुक्रवारी या, बघा, आणि त्याच दिवशी काय ते सांगा. दुसरा एक जण रांगेत आहे." ते घर दोन शाळांच्या हद्दीवर होतं, पोराला इथल्या कोल्ड स्प्रिंगच्या शाळेत घाला, नाहीतर हॉलिसच्या मोठ्या शाळेत. हॉलिसला जायला बसनं जाऊन-येऊन अडीच तास मोडायचे.

तेवढ्यात धूळ उडवत एक जुनाट पिकअप येऊन थांबला. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून म्हाताऱ्यानं रामराम केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तोच व्होद्राक.

"अहो बाई, शुक्रवारी कुठली शाळा? आमची शाळा चार दिवसांची. बसला डिझेलऐवजी पाणी टाकून भागतं काय? शुक्रवारी पोरं कामाला."

"मग मी बघू काय? टाळं?"

"शाळा बघायचीय ना? चला की माझ्या गुरांच्या वाडग्यावर! आज वासरांना डाग द्यायचेत. अख्खी शाळा तिथंच आहे, बाईंसकट."

वाडगं माळाच्या खोलगटात होतं. लांबूनच गाईंचा हंबरडा ऐकू येत होता. वासरं एका बाजूला वेगळी काढलेली, त्यांच्या आया कुंपणापलीकडे जीव काढून ओरडत होत्या. शेजारपाजारची सगळी घरं आली होती. इकडे ही रीतच आहे. आज व्होद्राककडे, उद्या दुसऱ्याकडे, मजुरी कुणी कुणाला देत नाही, फक्त जेवण तेवढं दणकून घालायचं. घोड्यावरचे दोघे वासरांच्या मागच्या पायांत दोर टाकून त्यांना ठसे तापवायच्या भट्टीकडे ओढत आणत होते. दोन-दोन जण वासरू आडवं पाडायचे, एक मानेवर गुडघा ठेवायचा, एक मागचा पाय ताणून धरायचा. मालकाच्या खुणेचा लाल झालेला ठसा टेकला की केसांचा पिवळा धूर उठायचा आणि जळका वास नाकात बसायचा.

वेड गाडीतून उतरला तो बाह्या सरसावतच. लोर्नानं त्याचा हात धरला.

"अरे, खांदा!"

"उगी राहा. काम मागायला आलोय, पाहुणचाराला नाही."

आणि तो घुसला. डाव्या हातानं धरायचा, उजवा नुसता टेकवायचा. लोर्नाला लांबूनही त्याचे आवळलेले दात दिसत होते. एका दणकट वासरानं लाथ झाडली तसा तो मागं फेकला गेला, धुळीत बसला, आणि हसला. ते हसू खोटं आहे हे त्याच्या बायकोशिवाय कुणाला कळणार? व्होद्राक कुंपणाला टेकून बघत होता. 

जुनी मात्र खुलली होती. शाळेतली पोरं तिथं होतीच, सात होती. एका दांडग्या मुलीनं तिला हाताला धरून नेलं, वासराचा पाय कसा धरायचा ते दाखवलं. जुनी बसली, पाय धरला आणि सोडला नाही.

"अरे वा! ही बघा, ही आमच्यातलीच!" कोणीतरी ओरडलं. पोरीचा चेहरा फुलला. तीन वर्षांत त्या पोरीला 'वा' म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

बायका छपराखाली जेवणाच्या मागं होत्या. लोर्नानं सुरी मागून घेतली आणि कांदे चिरायला बसली. तिला कांद्यांशी काय करायचंय? तिला शाळेचं काढून घ्यायचं होतं.

"बाई कशी आहे इथली?"

"मॅरेन? सोनं आहे सोनं!" ग्लेंडा नावाची एक जाडजूड, तोंडभर हसणारी बाई म्हणाली. "व्होद्राकचीच लेक ती. ती बघ, पिचकारी घेऊन उभी आहे."

निळ्या डगल्यातली एक उंच, हाडकुळी बाई वासरांना लस टोचत होती. डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत शेण.

"आणि एखादं पोर वाचायला मागं असलं तर?"

"अगं, ती दगडाला वाचायला शिकवेल! आमच्याकडे कुणी मागं पडतच नाही."

"म्हणजे अगदीच येत नसलं तरी?"

"येतं गं सगळ्यांना! तू कशाला एवढी काळजी करतेस? तुझी पोर किती गोड आहे."

लोर्नाची सुरी कांद्यात थांबली. ग्लेंडा आपल्याच नादात होती.

"तुम्ही आलात ना, की देव पावला म्हणायचं. दोन घरं उठून गेली, पोरं राहिली सात. आठाच्या खाली शाळा ठेवत नाहीत. तुझी धरून झाली की आठ! म्हातारा तर केव्हापासून पोरवाला गडी शोधतोय."

"अस्सं," लोर्ना म्हणाली.

कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांतलं पाणी कुठं लपवलं असतं? म्हणून हा सगळा लाड! म्हणून तो फोन, तो रामराम, ते 'आमच्यातलीच'! वाडग्यातली वासरं मोजावीत तशी माझी पोर यांनी मोजली. तिचं मन तिथंच उठलं. जेवण झालं की गाडीत बसायचं आणि सरळ घरी जायचं, वेडला काय वाटायचं ते वाटो.

पण जेवणाआधीच ते घडलं.

लशी दोन होत्या. एक फऱ्या या जीवघेण्या रोगाची, एक छातीच्या रोगाची. फऱ्याची पिचकारी मॅरेनच्या हातात, दुसरी ग्लेंडाच्या नवऱ्याच्या, ऑर्व्हिलच्या. बर्फाच्या पेटीतून बाटल्या आणून द्यायचं काम कौतुकानं जुनीला दिलं होतं. सकाळभर तिनं ते बिनचूक केलं. तांबडं बूच मॅरेनला, निळं बूच ऑर्व्हिलला. तिला वाचता येत नाही हे कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं. पण ते खोकं संपलं आणि दुसरं फोडलं, त्यातल्या सगळ्या बाटल्यांची बुचं करडी.

मॅरेननं हात पसरला, "फऱ्याची दे गं!" जुनीनं पेटीत बघितलं, इकडं तिकडं बघितलं, आणि एक उचलून दिली. पुढची वासरं ओढत आणलेलीच होती. मॅरेननं घाईत पिचकारी भरली आणि टोचत सुटली. पाच-सहा वासरं झाल्यावर तिची नजर बाटलीवर गेली.

"थांबा! थांबवा दोर!"

काम थांबलं. तिनं बाटली वर धरली. "छातीची आहे ही. या वासरांना दोन्हीकडून एकच लस गेली. फऱ्याची गेलीच नाही. चूक माझी, बघितल्याशिवाय भरली मी."

"जाऊ दे, दुप्पट खोकणार नाहीत!" ऑर्व्हिल म्हणाला. सगळे हसले. "ती वासरं परत धरायची म्हणजे ऑर्व्हिलची ढेरी उतरणार," कोणीतरी जोडून दिलं.

व्होद्राक घाईघाईनं पुढं आला. त्यानं जुनीच्या डोक्यावर हात ठेवला. "काही बिघडलं नाही, बाळा. सगळ्यांचंच चुकतं. गोड पोर आहे."

मॅरेन हसली नव्हती. ती पोरीकडे बघत होती. मग ती गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि बाटली जुनीसमोर धरली.

"यावर काय लिहिलंय गं?"

"मला येतं वाचायला," जुनी चटकन म्हणाली.

"मग वाच ना."

जुनीनं बाटलीकडे बघितलंच नाही. तिनं त्या दांडग्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं, ऑर्व्हिलकडे बघितलं, कुणाचे ओठ हलतात का ते शोधलं. "फऱ्या," ती म्हणाली. मग मॅरेनचा चेहरा बघून म्हणाली, "नाही नाही, छाती." मग पुन्हा, "फऱ्या." कुंपणावरचा एक पोरगा खिदळला. पोरीची मान खाली गेली, ती वर येईना.

हातातलं घमेलं टाकून लोर्ना धावली.

"सोडा तिला! लाज नाही वाटत? चार माणसांत पोरीची अब्रू काढता?"

  मॅरेन उठली, तिचं तोंड लाल झालं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चार माणसांत विचारायला नको होतं. जुनी, माझी चूक झाली, बाळा." मग लोर्नाकडे वळून हळूच म्हणाली, "जरा हौदाकडे येता?"

लोर्नाला जायचं नव्हतं. पण भांडण अर्धं ठेवायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गेली. पवनचक्कीखाली पाण्याचा हौद होता. मॅरेननं कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर पाणी मारलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"तीन. आणि आता तुम्हीही सांगा, येईल हो, काळजी करू नका. ऐकून ऐकून कान किटले माझे. तुमचं आठाचं गणित कळलंय मला."

"येणार नाही," मॅरेन म्हणाली.

"काय?"

"आपोआप येणार नाही. आणि मला शिकवताही येणार नाही. माझ्यापाशी एका खोलीत पाच इयत्ता आहेत. तुमच्या मुलीला रोज तासभर एकटीला घेऊन बसणारं माणूस पाहिजे, आणि त्याचं वेगळं शिक्षण असतं, ते माझं झालेलं नाही. हॉलिसला मिसेस डक्वर्थ आहेत. तोंडानं फटकळ आहेत, पोरं त्यांच्या नावानं शंख करतात, पण अशी पोरं त्यांच्या हाताखाली वाचायला लागलेली मी बघितलीत. तिकडेच घाला."



"आणि तुमची शाळा?"

"बंद पडेल."

"आणि तुम्ही?"

"बापाच्या वासरांना सुया टोचीन. आज जसं टोचलं तसं नाही, नीट बघून." मॅरेन हसायला गेली, पण ते जमलं नाही. तिनं रुमाल सोडला, त्यानं तोंड पुसलं. "बारा वर्षं शिकवतेय हो मी तिथं. मला काय तुमची पोर नकोय? पण तुमच्या पोरीच्या पाठीवर मी शाळा उभी करू का?"

लोर्ना हौदाच्या कडेवर बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सरळ सांगितलं होतं, आणि सांगणारीचं त्यात नुकसान होतं. जिला मघाशी ओरबाडावंसं वाटलं होतं, तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटायला लागलं.

"मघाशी मी तुम्हाला वाटेल तसं बोलले."

"बोललात ते बरंच केलंत. आई आहात."

जेवणं सुरू झाली होती. वेड गाडीच्या आडोशाला ताट घेऊन बसला होता. उजव्या हातात चमचा धरवत नव्हता, घेवडा शर्टावर सांडला होता. लोर्नानं चमचा काढून घेतला, घेवडा पुसला आणि सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"घालू की हॉलिसला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण आज बोलू नकोस. आधी कामाला लागू. शाळा ऑगस्टात उघडते, तोवर म्हाताऱ्याला माझी सवय होईल. तेव्हा हळूच सांगू."

"आणि तोवर त्याला आठ मोजू द्यायचे?"

"लोर्ना, हा हात घेऊन मी परत त्या सुरीवर उभा राहू का? सांग. आणखी एक वर्ष नाही निघणार माझ्यानं."

त्याचा आवाज फाटला. लोर्नाचं काळीज तुटलं, ती त्याचा खांदा रोज रात्री चोळत होती. पण ती म्हणाली, "अरे, मग आपणही गोड बोलणाऱ्यांतलेच झालो."

वेड ताट बाजूला ठेवून उठला, आणि तोच पुढं होऊन व्होद्राककडे गेला. हे त्याचं मोठेपण, लोर्नाला कधी विसरता येणार नाही.

"मिस्टर व्होद्राक, माझी मुलगी हॉलिसच्या शाळेत जाईल. तिला वाचता येत नाही. ते तिथंच जमेल."

म्हाताऱ्यानं तोंडातला घास सावकाश गिळला. "मग मला दुसरा गडी बघावा लागेल."

"हो."

"तुझा खांदा मी सकाळीच बघितलाय, प्रूइट. एका हाताचा गडी कोण ठेवतो? पोर होती म्हणून डोळ्यावर कातडं ओढलं."

चार माणसं ऐकत होती. वेडच्या मानेवर शिरा उभ्या राहिल्या, पण त्यानं मान हलवली, "खरंय."

"बाबा." मॅरेन मागून आली होती. "मीच सांगितलं त्यांना."

"तू?" व्होद्राकनं पेला खाली ठेवला. "तुझी आई त्या शाळेत शिकली. मी शिकलो. आणि तू कुलूप घालतेस?"

"बाजारात उभं राहून तुम्ही छाती ठोकून सांगता ना, व्होद्राकनं कधी खोड लपवून गाय विकली नाही म्हणून? एका डोळ्यानं अधू असली तर आधी डोळा दाखवतो, मग भाव सांगतो म्हणून?"

"ते गुरांचं झालं."

"मग पोरांचं काय? गुरांपेक्षा कमी?"

व्होद्राकनं लेकीकडे बघितलं.  मग त्यानं टोपी काढली, आतली घामाची पट्टी अंगठ्यानं पुसली आणि परत घातली.

"घोड्यावर बसता येतं?" त्यानं वेडला विचारलं.

"येतं."

"तारा ताणायला डावा हात चालेल?"

"चालवीन."

"मग कुंपणं आणि हौद बघ. वासरं पाडायला मी दुसरा कोणी बघतो. एक तारखेला ये." हात पुढं न करता तो वळला आणि भट्टीकडे चालायला लागला. जाता जाता म्हणाला, "ती पाच-सहा वासरं हुडका आधी. फऱ्यानं मेली तर मी सगळ्यांना फाडून खाईन!" पाठ फिरवून बोलला, तरी त्याचा आवाज ओला झालाय हे सगळ्यांना कळलं. कोणी हसलं नाही.

निघताना मॅरेन गाडीपाशी आली, पण जुनीनं तोंड फिरवून घेतलं. माळ मागं पडेपर्यंत ती काचेकडे बघत बसली. मग एकदम उसळली.

"मला इथंच यायचंय! इथं मी वासराचा पाय धरला. मला वा म्हणाले ते!"

"म्हणतील की. राहणार आपण इथंच आहोत. शाळा तेवढी हॉलिसची."

"मला नाही जायचं! तिथल्या बाई ओरडतात. मी ऐकलंय."

लोर्नानं मागं वळून बघितलं. खोटं काहीतरी गोडसं तोंडाशी आलं होतं, ते तिनं गिळलं. "ओरडत असतील. पण त्यांना शिकवता येतं."

पोर नखांत अडकलेलं शेण काढत बसली. मग तिनं विचारलं, "मला येत नाही ते त्यांना सांगणार तू?"

"सांगणार."

"आधीच? पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी. तू वर्गात बसायच्या आधी."

लोर्नाला वाटलं, आता ही रडेल, पाय आपटेल. जुनीनं सीटला डोकं टेकवलं आणि खोल श्वास सोडला, दिवसभराचं काम संपलेल्या माणसानं सोडावा तसा.

"मग तिथं मला खोटं खोटं वाचायला नको," ती म्हणाली.

"गाडी थांबव रे," लोर्ना नवऱ्याला म्हणाली. त्यानं रस्त्याकडेला गाडी घेतली. ती उतरली, मागचं दार उघडून आत बसली आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं. नऊ वर्षांची पोर, मांडीवर मावत नव्हती, अंगाला जळक्या केसांचा वास येत होता. लोर्ना तिच्या मानेत तोंड खुपसून रडत राहिली, आणि वेडनं गाडी बंद करून टाकली.